शासकीय माहिती कार्यालये : मनुष्यबळ आणि कार्यपद्धती

चंडीगड वसविताना जे भाग सर्वांत आधी उभे राहिले, त्यांत सेक्टर २२ चा समावेश होतो. जेन ड्रू, मॅक्सवेल फ्राय व पिएर जानरे या वास्तुविशारदांनी शासकीय कर्मचाऱ्यांसाठी वेतनश्रेणीनुसार घरांची रचना केली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी शहराचे उद्घाटन केले. सचिवालयाची भव्य इमारत मात्र त्यानंतर काही वर्षांनी पूर्ण झाली. आधी कर्मचारी, मग कचेरी हा क्रम माहिती कार्यालयाला विशेष लागू पडतो. कारण तेथील काम इमारतीवर नव्हे, तर योग्य वेळी हजर असलेल्या जाणत्या माणसांवर चालते.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली. चंडीगड केंद्रशासित प्रदेश बनले आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही राहिले. परिणामी दोन राज्यांची माहिती खाती, चंडीगड प्रशासन आणि केंद्राचे पत्र सूचना कार्यालय हे सारे जवळजवळ त्याच पत्रकारांपुढे आपली बाजू मांडतात. सतलज-यमुना जोड कालव्यासारख्या वादात दोन शासनांचे म्हणणे परस्परविरोधी असते. अशा वेळी ज्या कार्यालयाचे प्रसिद्धीपत्रक आकडेवारीसह वेळेत पोहोचते आणि जेथे शंका विचारण्यासाठी अधिकारी दूरध्वनीवर सापडतो, त्याची बाजू दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात नीट उमटते. उशिरा आलेला खुलासा कितीही अचूक असला, तरी तो आतल्या पानावर जातो.

भाषा हा दुसरा कळीचा मुद्दा. ट्रिब्यून वृत्तसमूह १९७८ पासून इंग्रजी, हिंदी व पंजाबी अशा तिन्ही भाषांत दैनिके काढतो. एका भाषेतील पत्रक तेथे पुरेसे ठरत नाही. अनुवादकाचे पद रिक्त राहिले की त्या भाषेच्या वाचकापर्यंत शासनाची योजना अपुरी किंवा चुकीची पोहोचते. पात्रतेची अट वा अर्जाची मुदत चुकली, तर नुकसान लाभार्थ्याचे होते. रिक्त पदांच्या तक्त्यात हे नुकसान कोठेच दिसत नाही.

पत्र सूचना कार्यालयाचा उगम जून १९१९ मध्ये सिमला येथे गृह खात्यांतर्गत सुरू झालेल्या एका छोट्या कक्षात आहे. १९४१ मध्ये जे. नटराजन हे त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. सध्याचे नाव १९४६ मध्ये मिळाले. येथील अधिकारी प्रामुख्याने भारतीय माहिती सेवेतील असतात. या सेवेच्या गट ‘अ’ मधील थेट भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते. आकाशवाणी, दूरदर्शन, प्रकाशन विभाग अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांच्या बदल्या होतात. वृत्तकक्षात काम केलेल्या अधिकाऱ्याला वेळेचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र वारंवार बदलीमुळे स्थानिक ओळखी तुटतात, ही या पद्धतीची उणीवच म्हणावी लागेल.

पत्रके काढणे हे निम्मेच काम होय. वृत्तपत्रांतील टीका व तक्रारी संबंधित मंत्रालयाच्या नजरेस आणणे हे उरलेले निम्मे, आणि मनुष्यबळ अपुरे पडले की सर्वप्रथम तेच मागे पडते. महाराष्ट्रातही माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या जिल्हा माहिती अधिकाऱ्याकडून हीच दुहेरी अपेक्षा असते. पूर आला की धरणाच्या विसर्गाचा आकडा त्याला जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तपासून घ्यावा लागतो, अफवा गावात पोहोचण्याआधी.