गुडघेदुखी आणि ‘ती’ पांढरी गोळी

गुडघ्यांची झीज झालेली माणसे रोजचे दुखणे सोसत असतात. मग घरच्या लग्नात दोन दिवस उभे राहणे होते आणि तिसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजतो. मांडी घालणे सोडाच, शौचालयातून उठणेही जमत नाही. अशा वेळी कुणी दिलेली लहानशी पांढरी गोळी एका रात्रीत आराम देते. ती बहुधा स्टेरॉइडची असते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन.

आराम खोटा नसतो. कूर्चा झिजताना सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि स्टेरॉइड ती दडपते. नेदरलँड्समध्ये बोटांचे सांधे झिजलेल्या ९२ रुग्णांवरचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांचे दुखणे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी झाले. पण गोळी हळूहळू बंद केल्यावर, चौदाव्या आठवड्यात, दोन्ही गटांत फरक उरला नाही. शिवाय हे सारे देखरेखीखाली, सांध्यांत सूज असलेल्या निवडक रुग्णांत झाले. गुडघ्यासाठी पोटातून स्टेरॉइड हा नेहमीचा उपचार नाही. गरज पडली तर डॉक्टर सांध्यातच इंजेक्शन देतात, तेही मोजून.

खरी अडचण चिठ्ठीतल्या गोळीची नाहीच, ती नाव नसलेल्या पुडीची आहे. ‘निव्वळ जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, भूक वाढते, नातेवाईक म्हणतात ‘तब्येत सुधारली’. आत मात्र साखर आणि रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षयरोग डोके वर काढतो. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम कमी करतात. मग पुडी एकदम बंद केली तर ग्लानी, उलट्या, रक्तदाब कोसळणे, जिवावरही बेतते. म्हणून अनेक आठवडे असे औषध घेतलेल्याने ते मनानेच थांबवू नये. पुडी, वेष्टन, असेल ते घेऊन रुग्णालयात जावे. मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवता येते.

साध्या उसळीला दोन-चार दिवस विश्रांती, बर्फाचा शेक, डायक्लोफेनॅकचे मलम आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी एवढे बहुतेकांना पुरते. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी विचारूनच घ्याव्यात. दुखणे ओसरल्यावर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम.

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सांध्यात पू झालेला असू शकतो, आणि स्टेरॉइडने तो झाकला जातो.