फाटलेल्या पोटाला जिवंत ठिगळ

गोठ्यात जनावरांची झुंज होते आणि म्हशीच्या पोटाला शिंग लागते. कातडी शाबूत असते, रक्तही वाहत नाही. म्हणून मालक निश्चिंत राहतो. परंतु काही दिवसांत पोटाच्या खालच्या अंगाला मऊ फुगवटा दिसू लागतो. कातडीखालील स्नायूंची भिंत फाटून आतडी त्या वाटेने खाली उतरलेली असतात. या विकारास अंतर्गळ म्हणतात. वासरांत तो बहुधा बेंबीच्या जागी आढळतो. जन्मानंतर बुजावयाचे छिद्र उघडेच राहते आणि त्यातून आतडे बाहेर येते.

हा फुगवटा पुष्कळदा गळू समजला जातो. मग कोणी त्यावर तापल्या सळईचा डाग देतो, तर कोणी पात्याने तो फोडतो. गळू फोडले तर पू निघतो. अंतर्गळ फोडला तर आतडे चिरले जाते व जनावर हातचे जाते.

अंतर्गळ कसा ओळखावा?

अंतर्गळ सामान्यतः मऊ असतो, दाबल्यास दुखत नाही. वासराला उताणे धरून हलक्या हाताने दाबल्यास तो आत सरकतो व छिद्राची कड बोटांना लागते. गळू गरम व दुखरे असते आणि आत सरकत नाही. तथापि बेंबीच्या जागी दोन्ही विकार एकत्रही असू शकतात. म्हणून अंतिम निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. फुगवटा एकाएकी कठीण व दुखरा झाला, जनावराने चारा सोडला किंवा शेण पडेनासे झाले, तर आतडे अडकले असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ठिगळाची गरज

छिद्र लहान असल्यास टाके घालून ते बंद करता येते. मोठ्या छिद्राच्या कडा मात्र ओढून जोडल्यास ताण पडून टाके तुटतात. जीर्ण धोतर नुसते ओढून शिवले तर शेजारीच पुन्हा फाटते. तेथे ठिगळच लागते. त्यासाठी शल्यविशारद कृत्रिम धाग्यांची जाळी वापरतात. ती मजबूत असते. परंतु शरीराला ती परकीच राहते. तिच्यात जंतूंचा शिरकाव झाल्यास जखम भरत नाही आणि कधी जाळीच काढून टाकावी लागते.

यावर शास्त्रज्ञांनी जिवंत ऊतींचा मार्ग शोधला. १९८७ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मूळचे पशुवैद्यक असलेले डॉ. स्टीफन बॅडिलॅक यांनी एका कुत्र्याच्या महारोहिणीच्या जागी त्याच्याच लहान आतड्याचा तुकडा जोडला. कुत्रा जगला. पुढील प्रयोगांत आतड्याचा केवळ मधला पातळ थर वापरण्यात आला, तेव्हा शरीराने त्या थराच्या आधारे नवी ऊती उभी केल्याचे दिसून आले. १९९९ मध्ये अमेरिकेतच डॉ. अँथनी अटाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या स्वतःच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, त्या साच्यावर रुजवून मूत्राशय घडविले व त्याच कुत्र्यांत बसविले.

भारतात या दिशेने इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत काम झाले आहे. १८८९ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या प्रयोगशाळेतूनच ही संस्था वाढली. कत्तलखान्यातून मिळणारे म्हशीच्या हृदयावरील आवरण, आतडे, कातडी यांसारख्या ऊती तेथील प्रयोगांत वापरल्या गेल्या. त्या विशिष्ट रसायनांनी धुऊन त्यांतील सर्व पेशी काढून टाकतात; कारण दुसऱ्या जनावराचे शरीर मुख्यतः या परक्या पेशींनाच विरोध करते. मागे उरतो तो प्रथिन तंतूंचा पांढरट पडदा. तो छिद्रावर शिवला म्हणजे जनावराच्या स्वतःच्या पेशी व रक्तवाहिन्या त्यात शिरतात. दोडक्याचा वेल मांडवावर चढावा, तसाच हा प्रकार होय. भेद इतकाच, की हा मांडव हळूहळू विरून जातो आणि त्याच्या जागी शरीराची स्वतःची भिंत उरते.

गोठ्यातील जबाबदारी

असे पडदे अद्याप प्रत्येक दवाखान्यात मिळत नाहीत. टाके, जाळी की पडदा, याचा निर्णय शल्यविशारदावर सोपवावा. कोणतेही ठिगळ असो, ते धरण्यासाठी जखम स्वच्छ राहिली पाहिजे व पोटावर ताण पडता कामा नये. शस्त्रक्रियेनंतर जनावर कोरड्या जागी वेगळे बांधावे, त्यास धावू देऊ नये आणि सांगितल्याप्रमाणे थोडा थोडा चारा द्यावा.

नवजात वासराच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे व त्यास लवकरात लवकर पुरेसा चीक पाजावा. त्यामुळे बेंबीत जंतू शिरण्याचा धोका कमी होतो. बेंबीचा अंतर्गळ आनुवंशिकही असू शकतो. म्हणून जन्मतः हा दोष असलेला गोऱ्हा वळू म्हणून राखू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गोठ्यास भेट देताना प्रत्येक वासराच्या बेंबीवरून एकदा हात फिरवावा. छिद्र लहान असतानाच जनावर दवाखान्यात पोहोचले, तर बहुधा ठिगळाची गरजच भासत नाही.