कारखान्याचा रंग पुन्हा मिळत नाही

जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात एका डॉक्टरांनी काळी बीएमडब्ल्यू स्पोर्ट्स सेदान घेतली. किंमत ४०,७५०.८८ डॉलर. रंगात त्यांना कुठलीच खोट दिसली नव्हती. नऊ महिन्यांनी गाडीला आणखी झळाळी यावी म्हणून त्यांनी ती एका पॉलिशवाल्याकडे दिली आणि त्या कारागिराने ओळखलं, की ही गाडी आधी एकदा रंगवलेली आहे. चौकशीत उलगडा झाला. जर्मनीहून येताना, बहुधा आम्लयुक्त पावसामुळे, रंग खराब झाला होता. अमेरिकेत उतरल्यावर कंपनीने छप्पर, बॉनेट, डिकी आणि मागच्या बाजू पुन्हा रंगवल्या आणि गाडी ‘नवी’ म्हणून विकली. दुरुस्तीचा खर्च किरकोळ असेल, म्हणजे किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत, तर डीलरलाही सांगायचं नाही, असं कंपनीचं धोरण होतं. इथे खर्च आला होता ६०१.३७ डॉलर, जेमतेम दीड टक्का.

या डॉक्टरांनी, म्हणजे गोर यांनी, कंपनीवर भरलेला ‘बीएमडब्ल्यू विरुद्ध गोर’ हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्युरीने ४० लाख डॉलर दंड ठोठावला होता. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निम्म्यावर आणला आणि १९९६ साली वॉशिंग्टनमधल्या न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध चार अशा मतांनी तोही अवाजवी ठरवला. शेवटी दंड ५० हजार डॉलरवर आला. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल दंडाच्या मर्यादेसाठी वाचतात. मोटार घेणाऱ्याने मात्र त्यातला दुसरा, छोटा आकडा लक्षात ठेवावा: प्रत्यक्ष नुकसानभरपाई ४ हजार डॉलर. पुन्हा रंगवलेल्या गाडीची किंमत साधारण दहा टक्क्यांनी उतरते, अशी साक्ष एका माजी बीएमडब्ल्यू डीलरने दिली होती आणि ज्युरीने ती मानली. सहाशे डॉलरचं काम, तेही कंपनीच्याच केंद्रात झालेलं, डोळ्यांना न दिसणारं. तरीही गाडीची किंमत चार हजारांनी कमी.

असं का व्हावं, हे समजण्यासाठी कारखान्यातल्या रंगशाळेत जावं लागतं. तिथे बॉडी उघडी असते. ना काच, ना सीट, ना वायर. ती धुतली जाते, तिच्यावर फॉस्फेटसारखा रासायनिक थर दिला जातो आणि मग अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर तिच्यावर बसवला जातो. याला ई-कोट म्हणतात. दारांच्या आतल्या पोकळ्या, मुडपलेल्या कडा, जिथे कुठलीही स्प्रे गन पोचणार नाही, तिथेही तो पोचतो. त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन आणि तो भाजला जातो १६० ते १८० अंश सेल्सिअसला. त्यावर सर्फेसर, मग रंगाचा बेस कोट, शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. हे वरचे थरही १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. सगळे थर मिळून १०० ते १४० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनचा धरला, तर जास्तीत जास्त दोन केसांएवढी जाडी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनं या क्लिअर कोटमध्ये असतात आणि तो असतो उणापुरा ४०-५० मायक्रॉन.

आता तीच गाडी सर्व्हिस सेंटरच्या बूथमध्ये उभी आहे, असं समजा. तिच्यात प्लास्टिक आहे, रबर आहे, वायरिंग आहे, कंट्रोल युनिट आहेत. तिला १४० अंशांची भट्टी सोसणार नाही. म्हणून तिथला रंग वेगळ्या जातीचा असतो: हार्डनर मिसळून लावायचा आणि ६० अंशांच्या आसपास वाळवायचा. कारखान्यात रोबोच्या हातातला फिरता कप मिनिटाला हजारो फेरे घेत रंगाचे विद्युतभारित थेंब उडवतो. बूथमध्ये माणूस गनने मारतो. हाडाचा पेंटर कारखान्यापेक्षाही सपाट, आरशासारखा पृष्ठभाग काढू शकतो. पण एकदा घासला गेलेला मूळ ई-कोट आणि उच्च तापमानाला भाजलेले थर तो परत आणू शकत नाही. यात त्याच्या हुन्नराचा काही दोष नाही. ती सोयच तिथे नसते.

म्हणूनच, वॉरंटीत गाडी फुकट रंगवून मिळते आहे म्हणून मालकाने लगेच मान डोलावू नये, असं माझं ठाम मत आहे. दोष वरच्या थरात असेल, तर लहानात लहान उपायावर थांबावं. दोष पत्र्यातच असेल, तर रंग नाकारावा आणि नवा भाग मागावा. तंटे होतात ते बहुधा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

वरच्या थरातले दोष आधी पाहू. रंग ओला असताना बसलेला धुळीचा कण, ज्याला पेंटर सरळ ‘कचरा’ म्हणतात. ऑरेंज पील, म्हणजे पृष्ठभागावरची बारीक लहर. क्लिअर कोटचा ओघळ. कण आणि छोटा ओघळ २००० ते ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारून घासता येतो आणि बफिंगने चमक परत आणता येते. त्यात काही मायक्रॉन क्लिअर जातो, म्हणून आधी जाडी मोजायची आणि मगच पेपर लावायचा. ऑरेंज पीलच्या बाबतीत मात्र माझा सल्ला अनेक हौशी मालकांना रुचणार नाही: जवळपास प्रत्येक कारखान्याच्या रंगात थोडी लहर असते. ती पूर्ण सपाट करायला गेलं, तर बराचसा क्लिअर कोट कापावा लागतो. आज गाडी आरशासारखी दिसेल, पण त्याची भरपाई काही उन्हाळ्यांनी त्या जागी उडालेल्या रंगाने करावी लागेल. त्या लहरीला हात लावू नये.

बारीक टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली, तर प्रकरण निराळं. थरात अडकलेलं सॉल्व्हंट भट्टीत उसळून बाहेर पडल्यामुळे ती होतात, पॉलिशने जात नाहीत. तो भाग घासून पुन्हा रंगवावाच लागतो. आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत असतील, तर तो रंगाचा दोषच नव्हे. डिलिव्हरीआधी घाणेरड्या फडक्याने पुसलेल्या किंवा घाईने बफर फिरवलेल्या गाडीवर ते उमटतात. ते काढण्याची जबाबदारी डीलरची, वॉरंटीची नाही. तक्रार चुकीच्या खात्यात टाकली की महिनाभर नुसता पत्रव्यवहार होतो.

पुन्हा रंगवण्याची खरी किंमत कळते ती रंग जुळवताना. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात. ते कुठल्या कोनात बसले, यावर समोरून आणि तिरकस पाहताना छटा बदलते. रोबोने बसवलेले पापुद्रे आणि गनने बसवलेले पापुद्रे सारखे नसतात, म्हणून एकाच कोडच्या रंगातही फरक दिसतो. माझदाच्या ‘सोल रेड’सारख्या रंगात बेस आणि क्लिअर यांच्यामध्ये आणखी एक अर्धपारदर्शक रंगीत थर असतो; तिथे एक हात जास्त बसला तरी लाल गडद होतो. या फरकावर उपाय म्हणजे ब्लेंडिंग: रंग शेजारच्या भागावर विरत न्यायचा आणि त्या भागावरही पूर्ण क्लिअर मारायचा. म्हणजे तक्रार एका दाराची, पण घासले जाणार मडगार्ड आणि मागची बाजूसुद्धा. एका दाण्यापायी तीन भागांचा मूळ रंग जाऊ शकतो. हे जॉब कार्डवर सही करण्याआधी विचारायचं असतं. रंग नमुन्याच्या पट्टीवर मारून उन्हात गाडीशेजारी धरून दाखवा, हीही मागणी रास्त आहे.

आता पत्र्यातला दोष. २००४ साली फोर्डने आपल्या डीलरांना एक तांत्रिक पत्रक पाठवलं. ॲल्युमिनियमच्या भागांवर रंगाखाली फोड येत होते. रंगवण्याआधी ॲल्युमिनियममध्ये लोखंडाचे सूक्ष्म कण रुतले तर तिथून गंज सुरू होतो, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. म्हणून स्टीलवर वापरलेली सँडिंगची हत्यारं ॲल्युमिनियमला लावू नका, ती वेगळी ठेवा, असं त्यात बजावलं होतं. पुढे मस्टँगच्या ॲल्युमिनियम बॉनेटवर, पुढच्या मुडपलेल्या कडेशी, असेच फोड आल्याच्या तक्रारी वाढल्या आणि अमेरिकेत ग्राहकांनी दावेही लावले. असा फोड घासून वर रंग मारला तर काही काळ बरं दिसतं. पण कडेच्या घडीत दडलेला गंज तसाच राहतो आणि पुन्हा वर येतो. इथे मालकाने नव्या बॉनेटपेक्षा कमी काही स्वीकारू नये. मस्टँग २०१६ पासून भारतातही विकली गेली. ॲल्युमिनियमवर रंगाखालून दोऱ्यासारखा सरकत जाणारा गंज दमट हवेत फोफावतो. मुंबईचा पावसाळा आणि खारा वारा त्याला आयताच मिळतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर बॉनेटची आणि दारांची खालची कड बोटाने चाचपून पाहावी.

वॉरंटीच्या पुस्तकात मात्र हाच फोड अडचणीत येतो, कारण तिथे रंग आणि गंज यांची खाती वेगळी असतात. पोर्शचं युरोपातलं उदाहरण घ्या: रंगासाठी ३ वर्षं, गंजाने पत्रा आरपार जाण्यासाठी १२ वर्षं. बारा हा आकडा ऐकून दिलासा वाटतो. पण ‘आरपार’ म्हणजे आतून बाहेर भोक पडलेलं. वरवरचा फोड त्यात बसत नाही. म्हणून रंगाची मुदत संपण्याआधी गाडी एकदा नीट धुऊन, उजेडात तपासून, लेखी तक्रार नोंदवणं फार महत्त्वाचं आहे.

दगडाचे टवके, झाडाचा चीक, पक्ष्यांची विष्ठा, कारखान्यांची राख हे सगळं वॉरंटीबाहेर. विष्ठेचं नुकसान फक्त आम्लाचं नसतं. उन्हात क्लिअर कोट मऊ होऊन फुलतो, वर विष्ठा वाळून कडक होते आणि संध्याकाळी थंड होताना क्लिअर तिच्या आकारावर आकसतो. कडक उन्हात काही तासांतच तिचा ठसा उमटू शकतो. रेल्वेमार्गाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर दिसणारे नारिंगी ठिपके म्हणजे चाकं-ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड; ती आयर्न रिमूव्हरने निघते. तिला गाडीचा गंज समजून भांडायला जाऊ नये. आणि पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) किंवा सिरॅमिक कोटिंग करण्याआधी रंग तपासून घ्यावा, कारण नंतर सापडलेला दोष त्या कोटिंगवाल्याच्या माथी मारला जातो.

पुरावा उभा राहतो तो डिलिव्हरीच्या दिवशीच. आयात होणाऱ्या स्पोर्ट्स कार जहाजाने येतात, बंदरात उतरतात, ट्रेलरवर चढतात. मधे काय झालं, हे मालकाला कुणी आपणहून सांगत नाही. ताबा दिवसाउजेडी घ्यावा आणि प्रत्येक भागाची जाडी मोजून लिहून घ्यावी. साधा मीटर स्टील आणि ॲल्युमिनियमवर चालतो. कार्बन फायबर किंवा फायबरग्लासवर, म्हणजे कॉर्व्हेटसारख्या गाडीवर, अल्ट्रासोनिक मीटर लागतो. शेजारचे भाग १२० आणि एकच दार २६० दाखवत असेल, तर डीलरने त्याचं लेखी उत्तर द्यायला हवं. वॉरंटीत काही रंगवून घेतलंच, तर कुठला भाग, कुठल्या कंपनीचा रंग, आधी आणि नंतरची जाडी, आणि नव्या रंगावरची हमी, हे सगळं कागदावर घ्यावं. पुढे गाडी विकताना घेणारा मीटर लावणारच आहे.

ज्या पेंटरच्या हाती ही गाडी जाते, त्याच्याबद्दलही बोललं पाहिजे. हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासावाटे गेले तर कायमचा दमा होऊ शकतो, आणि आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधून गन चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि चालू एक्झॉस्ट असलेला बूथ आहे का, हे मालकाने विचारावं. कोटीची गाडी आणणाऱ्याचा प्रश्न तिथे ऐकला जातो.

वाद मिटलाच नाही, तर आपला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. विक्रेत्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही त्यात सेवेतली त्रुटी मानली जाते. लपवलेल्या रंगकामाची तक्रार त्या आधाराने मांडता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर थेट राष्ट्रीय आयोग. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गाडी कंपनीच्या नावावर असेल, तर समोरचा पक्ष व्यावसायिक वापराचा मुद्दा काढतो. त्याची तयारी ठेवावी. अख्खी गाडी बदलून मागण्याचा मोह मात्र आवरावा. २००६ साली मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटीने बांधील आहे ते सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं, पूर्ण गाडी बदलणं नव्हे. त्यापेक्षा त्या भागाची तपासणी मागावी. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालासोबत आयोगापुढे ठेवायला डिलिव्हरीच्या दिवशीचे मायक्रॉनचे आकडे आणि सही झालेलं जॉब कार्ड हाताशी असावं.