शेवटचं ‘कॉज्ड बाय’

‘बिल सेव्ह होत नाही’ एवढीच तक्रार आली, की मी कोडच्या आधी लॉग उघडतो. स्टॅक ट्रेस चांगला लांबलचक असतो आणि नवी मुलं पहिल्याच ओळीवर डोकं लावत बसतात. तिथे लिहिलेलं असतं, ‘सर्व्हिसएक्सेप्शन: बिल जतन झाले नाही’. ते तर ग्राहकानेच फोनवर सांगितलेलं! जावाचा ट्रेस असेल तर थेट शेवटचं ‘कॉज्ड बाय’ गाठावं. तिथे डेटाबेसची खरी तक्रार सापडते: ग्राहक क्रमांकाचा रकाना रिकामा चालणार नाही. त्याखाली फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक.

एका एक्सेप्शनच्या पोटात दुसरं ठेवायची ही सोय जावात 2002 साली, 1.4 आवृत्तीत आली. तरी रिव्ह्यूला येणाऱ्या कोडमध्ये अजून दिसतं ते हेच: कॅचमध्ये नवं एक्सेप्शन बनवायचं, त्यात जुन्याचा फक्त मेसेज भरायचा आणि वर फेकायचं. फाइल साहेबांकडे पाठवताना खालच्या टेबलाचे शेरे फाडून टाकावेत, तसला हा प्रकार. मूळ ऑब्जेक्ट दुसरा पॅरामीटर म्हणून दिला की काम होतं. पण तेवढंच राहतं.

सी++मध्ये साधा आकडाही फेकता येतो. जावात मात्र फेकायची वस्तू ‘थ्रोएबल’च्याच वंशातली लागते, कारण मेसेज, मूळ कारण आणि ट्रेस हे सगळं तिच्यासोबत जायचं असतं. यात एक गोम आहे. ट्रेस भरला जातो तो ऑब्जेक्ट बनताना, फेकताना नव्हे. वेळ वाचवायला एकच स्टॅटिक एक्सेप्शन बनवून तेच पुन्हा पुन्हा फेकलं, तर लॉगमध्ये दर वेळी ते जिथे बनलं तिथलाच पत्ता येतो. मग शोधत बसा.

रिकामा कॅच त्याहून वाईट, तिथे लॉगच नाही. याचं थोडं खापर जावाच्या चेक्ड एक्सेप्शनवरही फोडायला हवं. हेतू चांगला, पण डेडलाइनच्या दिवशी कंपायलर अडून बसला की माणूस दोन कंस टाकून मोकळा होतो. सी शार्पने ही सक्ती ठेवलीच नाही, ते बरं केलं.

2020मध्ये आलेल्या जावा 14पासून नलपॉइंटरएक्सेप्शन नेमकं काय नल होतं तेही सांगू शकतं. 15पासून ही सोय आपोआप चालू असते. अजून जावा 8वर असाल, तर निदान त्या एका ओळीसाठी तरी मॅनेजरच्या मागे लागा.