जास्वंद, मोगरा, चाफा आणि बर्फाचा हिवाळा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जास्वंद, मोगरा, चाफा, बोगनवेल आणि कर्दळ ही उष्ण प्रदेशांतील फुलझाडे आहेत. जास्वंद आणि मोगरा आशियातले, तर चाफा, बोगनवेल आणि कर्दळ मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतली. यांपैकी एकाच्याही पानांत बर्फाचा हिवाळा सोसण्याची ताकद नाही. शिकागोत जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि २० जानेवारी १९८५ रोजी तेथे उणे ३३ अंशांची नोंद झाली आहे. अशा ठिकाणी ही झाडे उन्हाळाभर अंगणात आणि हिवाळाभर घरात ठेवावी लागतात. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांतही देवाच्या फुलांसाठी जपलेल्या जास्वंदीच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्या दरवर्षी अशाच आत-बाहेर होतात. आत आणलेले झाड पुढे दगावते, ते ऊब कमी पडल्यामुळेच असे नाही. उष्णता, प्रकाश आणि पाणी यांचा मेळ बिघडणे हे त्याचे मोठे कारण असते. या विषयातले बहुतेक गैरसमज याच मेळाशी संबंधित आहेत.

गैरसमज १ : दंव पडेपर्यंत झाडे बाहेर ठेवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : उष्ण प्रदेशातल्या झाडांना इजा होण्यासाठी पाणी गोठावे लागत नाही. त्यांच्या पेशींभोवतीच्या पातळ पटलात मेदद्रव्ये असतात. थंडीत खोबरेल तेल जसे थिजते, तशी ही द्रव्ये साधारण १० ते १२ अंशांखाली घट्ट होऊ लागतात. मग पटलातून क्षार झिरपतात आणि पेशींचे काम विस्कळीत होते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्याची साल काळी पडते, तीही अशाच इजेमुळे. जास्वंदीची पाने पिवळी पडून गळणे आणि कळ्या न उमलता झडणे ही या इजेची लक्षणे काही दिवसांनी दिसतात, त्यामुळे त्यांचा संबंध मागच्या थंड रात्रींशी जोडला जात नाही.

प्रत्यक्ष दंवात पेशींमधल्या पोकळ्यांत बर्फाचे कण तयार होतात, ते पेशीतले पाणी ओढून घेतात आणि पाने काळी पडून लोळतात. ही वेळ येण्याच्या कितीतरी आधी, रात्रीचे तापमान १२-१३ अंशांवर उतरू लागले की कुंड्या आत घ्याव्यात. शिकागो परिसरात ही वेळ सप्टेंबरच्या उत्तरार्धातच येते. कर्दळ आणि डेलिया मात्र याला अपवाद आहेत. त्यांचे कंद मातीत सुरक्षित असतात, म्हणून पहिल्या दंवाने वरची पाने काळी पडेपर्यंत थांबून मग कंद काढले तरी चालते. जमीन गोठण्यापूर्वी ते निघायला मात्र हवेत.

गैरसमज २ : प्लास्टिक किंवा जुनी गोधडी गुंडाळली की झाड बाहेरही तगते.

वस्तुस्थिती : गोधडीत माणसाला ऊब मिळते, कारण त्याचे शरीर सतत उष्णता निर्माण करत असते. झाड स्वतःला उबदार ठेवील इतकी उष्णता निर्माण करत नाही. आच्छादन फक्त जमिनीतून वर येणारी उष्णता थोडा वेळ अडवते. एखाद्या रात्रीचे हलके दंव त्याने टळते, आठवडे टिकणारी उणे तापमानाची थंडी टळत नाही. पानांना चिकटलेले प्लास्टिक तर बाहेरची थंडी थेट पानांपर्यंत पोहोचवते.

कुंडीतल्या झाडाची अवस्था जमिनीतल्या झाडाहून अधिक नाजूक असते. जमिनीतल्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळते, कुंडीतली माती चहूबाजूंनी गार पडून पूर्ण गोठू शकते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला आणि २०२३ मध्ये सुधारलेला नकाशा हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून देशाचे १३ पट्टे पाडतो. त्यात शिकागो परिसर मुख्यतः पाचव्या-सहाव्या पट्ट्यात येतो आणि चाफा बाहेर तगतो तो दहाव्या पट्ट्यापासून पुढे. हे अंतर आच्छादनाने भरून निघणारे नाही.

गैरसमज ३ : पाने गळाली म्हणजे झाड मेले.

वस्तुस्थिती : हिवाळ्यातल्या काळजीच्या दृष्टीने या फुलझाडांचे दोन गट पडतात. जास्वंद आणि मोगरा यांना पाने राखून, मंद गतीने का होईना, जागे ठेवावे लागते. चाफा, कर्दळ आणि डेलिया यांना झोपू द्यावे लागते. महाराष्ट्रातही पांढरा चाफा थंडीच्या दिवसांत निष्पर्ण उभा असतो आणि पुढे त्याच फांद्यांवर फुलतो. थंड देशात तेच घडते, फक्त विश्रांती जास्त लांबते.

चाफ्याची पाने गळू लागली की पाणी हळूहळू बंद करावे आणि कुंडी १० अंशांपेक्षा गार न होणाऱ्या कोरड्या तळघरात ठेवावी. पाने नसल्यामुळे त्याला उजेडही लागत नाही. फांद्यांवर किंचित सुरकुत्या पडणे स्वाभाविक आहे. फांदी दाबल्यावर मऊ, पाणीदार लागली तर मात्र ती कुजलेली असते आणि निरोगी भागापर्यंत छाटावी लागते. कर्दळीचे कंद साधारण ७ ते १० अंशांत आणि डेलियाचे ४ ते ७ अंशांत, किंचित ओलसर भुशात किंवा कोकोपीटमध्ये ठेवावेत. डेलियाचे कंद सुटे करताना प्रत्येकाला जुन्या खोडाचा डोळा असलेला तुकडा राखावा लागतो, कारण नुसत्या कंदाला कोंब फुटत नाही. महिन्यातून एकदा पाहणी करून कुजलेले कंद काढून टाकावेत.

बोगनवेल या दोन गटांच्या मध्ये बसते. गार जागेत ती पाने टाकते, उजेडाच्या उबदार जागेत काही पाने राखते. ती जिवंत आहे का हे पाहण्यासाठी फांदीची साल नखाने खरवडावी. आत हिरवे दिसले तर जीव शाबूत आहे.

गैरसमज ४ : घर जितके उबदार तितके झाड सुखी, खिडकीतला उजेड पुरेसा असतो.

वस्तुस्थिती : झाडाच्या श्वसनाचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की सुमारे दुप्पट होतो. श्वसनात अन्न खर्च होते आणि ते अन्न केवळ प्रकाशात तयार होते. उबदार पण अंधाऱ्या खोलीतले झाड साठवलेल्या अन्नावर जगते. त्याच्या फांद्या लांब, फिकट आणि लुळ्या होतात, ही उपासमारीची खूण आहे.

घरातल्या प्रकाशाबद्दल डोळे फसवतात, कारण बाहुली कमी उजेडाशी जुळवून घेते. भर उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते, खोलीच्या आतल्या बाजूला ती बहुधा काही शेच भरते. शिवाय दिवस लहान असतो. २१ डिसेंबरला पुण्यात दिवस सुमारे ११ तासांचा, तर शिकागोत ९ तासांहून किंचित मोठा असतो.

ही अडचण जुनी आहे. लंडनजवळच्या क्यू उद्यानात विल्यम चेंबर्स या वास्तुविशारदाने १७६१ साली संत्रीवर्गीय झाडांच्या हिवाळी निवाऱ्यासाठी भव्य इमारत उभारली. तिच्यात झाडे नीट वाढली नाहीत, कारण आत उजेडच पुरेसा नव्हता. त्याच उद्यानात १८४८ साली पूर्ण झालेले ताडगृह लोखंड आणि काचेचे झाले, ते उष्णता आणि प्रकाश दोन्ही एकत्र देण्यासाठी.

घरात जास्वंद आणि मोगरा दक्षिणेकडच्या खिडकीला लागून ठेवावेत. शक्य असल्यास १२ ते १४ तास एलईडी दिवा द्यावा. प्रकाश कमी असेल तर खोलीही थोडी गार, १५ अंशांच्या आसपास असलेली बरी.

गैरसमज ५ : पाने पिवळी पडली की पाणी आणि खत वाढवावे.

वस्तुस्थिती : आत आणल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होणारी पानगळ बहुतेक वेळा प्रकाश बदलल्याची असते. उन्हात तयार झालेली जाड पाने मंद प्रकाशात झाडाला परवडत नाहीत, म्हणून झाड ती टाकते. पाने कमी झाली की पाण्याचा वापरही घटतो. अशा वेळी पाणी वाढवले तर मातीतल्या पोकळ्या भरून राहतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतले झाडही तहानल्यासारखे कोमेजते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते आणि झाड जाते.

मातीचा वरचा इंचभर थर कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे. वाढ थांबलेली असताना दिलेले खत वापरले जात नाही, त्याचे क्षार मातीत साठून मुळांना भाजतात. महाराष्ट्रातले शेतकरी मोगऱ्याला हिवाळ्यात पाणी तोडून ताण देतात आणि छाटणीनंतर बहार धरतात. थंड देशातल्या कुंडीलाही हिवाळा हा विश्रांतीचाच काळ आहे.

गैरसमज ६ : पानांवर पाणी फवारले की कोरड्या हवेचा प्रश्न सुटतो.

वस्तुस्थिती : शून्य अंशाची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये सुमारे ५ ग्रॅमच बाष्प असते. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता १७ ग्रॅमच्या पुढे जाते. त्यामुळे सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते. फवारलेले पाणी अशा हवेत काही मिनिटांत उडून जाते. हवा दमट करणारे यंत्र लावणे, कुंड्या जवळजवळ ठेवणे आणि गरम हवेच्या झरोक्यापासून त्या दूर नेणे हे उपाय अधिक उपयोगाचे आहेत.

गैरसमज ७ : बाहेर बर्फ असताना घरात कीड येत नाही.

वस्तुस्थिती : कीड झाडाबरोबरच आत येते. घरात तिला ऊब मिळते आणि बाहेर तिला खाणारे मित्रकीटक, तिला धुऊन नेणारा पाऊस, यांतले काहीच नसते. कोरड्या उबदार हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. पानांवर बारीक ठिपके आणि जाळी ही त्याची खूण आहे. पिठ्या ढेकूण, मावा आणि पांढरी माशी जास्वंदीवर हमखास आढळतात. म्हणून कुंडी आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी, गरज असल्यास निंबोळी तेल फवारावे आणि दोन आठवडे ती इतर झाडांपासून वेगळी ठेवावी.

गैरसमज ८ : वसंतातले पहिले ऊन पडले की कुंड्या बाहेर काढाव्यात.

वस्तुस्थिती : दिवस उबदार झाले तरी रात्री अजून गार असतात. रात्रीचे तापमान १० ते १२ अंशांवर स्थिरावल्यावरच कुंड्या बाहेर न्याव्यात. शिकागोत याला मेचा मध्य किंवा अखेर उजाडते. घरात आलेली पाने पातळ असतात आणि थेट उन्हात एका दिवसात करपतात. पहिले दोन-तीन दिवस सावलीत, मग कोवळ्या उन्हात, असे ७ ते १० दिवसांत झाड उन्हाला सरावते.

जास्वंद आणि मोगरा नव्या फुटीवर फुलतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांची छाटणी करावी आणि नवी पालवी दिसल्यावर खत सुरू करावे. चाफ्याच्या टोकांवर हिरवे कोंब दिसेपर्यंत त्याला पाणी देऊ नये, कारण पाने नसताना दिलेले पाणी मुळाशीच साचून राहते. कर्दळ आणि डेलियाचे कंद दंवाचा धोका संपल्यावर जमिनीत लावावेत.