घरी करावयाचा इतिहासाचा अभ्यास : वयानुसार त्याचे माप

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील अनेक कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही गावातच आजीआजोबांपाशी राहून शाळा करतात. अशा एखाद्या घरी एक मुलगा तिसरीत, दुसरा सहावीत व थोरली बहीण आठवीत आहे असे समजू. धाकट्यास धड्याखालील उत्तरे उतरवून आणावयाची आहेत, मधल्यास दहा प्रश्न सोडवावयाचे आहेत व थोरलीस सनावळी पाठ करावयाची आहे. सायंकाळी पाणी भरून व भाकरी करून ती अभ्यासास बसते. धाकट्याची उत्तरे तीच लिहून देते, मधल्यास तीच सांगते आणि तिची स्वतःची वही मात्र कोरी राहते.

तिन्ही अभ्यास निरनिराळे पाहिले तर माफक वाटतात. एका घरात एकत्र आले की ते एकाच मुलीच्या डोक्यावर बसतात. वर्गात मागे पडल्यामुळे शाळेत जाण्याचा संकोच वाटू लागावा, आणि पुढे नववीचे नावच निघू नये, याचा आरंभ अशा कोऱ्या वहीतून होऊ शकतो. यास्तव घरचा अभ्यास नेमून देताना वर्गाबरोबरच घराचाही विचार करणे शिक्षकास अगत्याचे आहे.

प्रथम वेळेचे माप पाहू. प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 साली ओझ्याविना शिक्षण या विषयावर अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या मजकुराचे ओझे अधिक घातक असते, हे त्या अहवालाचे सार होय. प्राथमिक वर्गांना घरच्या परिसराचा शोध घेण्यापलीकडे गृहपाठ नसावा, असेही समितीने सुचविले. पुढे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने व 2020 च्या शालेय दप्तरविषयक धोरणाने काळाची मर्यादा सांगितली. ती अशी : दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीस सर्व विषय मिळून आठवड्यास दोन तास, सहावी ते आठवीस रोज एक तास, म्हणजे आठवड्यास पाच ते सहा तास.

आता यातून इतिहासाचा वाटा काढून पाहावा. तिसरीच्या मुलाचे दोन तास मराठी, गणित, इंग्रजी व परिसर अभ्यास या चार विषयांत वाटले तर परिसर अभ्यासास अर्धा तास येतो. त्यात भूगोल, विज्ञान व नागरिक जीवनही असल्याने इतिहासास पंधरा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ झाली. आठवीच्या मुलीचे पाच तास सहा विषयांत वाटले तर प्रत्येकास पन्नास मिनिटे येतात व त्यांतही भूगोल वाटेकरी असतो. तिच्या इतिहासास अर्धा तास उरतो. तात्पर्य, आठवड्यास पंधरा मिनिटे ते अर्धा तास हेच इतिहासाच्या घरच्या अभ्यासाचे खरे माप होय. एवढ्या वेळात धडा उतरवून काढणे परवडणारे नाही. पाठ्यपुस्तक शाळेत शिकवावे आणि घरी एकच प्रश्न न्यावा.

तो प्रश्न तिन्ही भावंडांस एकाच विषयावरील असला तर निम्मे ओझे आपोआप उतरते. विषय एक असावा, काम मात्र वयानुसार वेगळे असावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलास शंभर वर्षे व हजार वर्षे यांतील अंतर उमगत नाही. दोन्ही त्याच्या लेखी ‘फार पूर्वी’ असतात. त्याने गोष्ट ऐकावी, चित्र काढावे व आपल्या शब्दांत सांगावी. अकरा-बारा वर्षांच्या मुलास आधी काय व नंतर काय हा क्रम लावता येतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने कारण शोधावे आणि ‘हे आपणास कशावरून कळले?’ असे विचारावे.

उदाहरणार्थ, 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन घ्यावा. त्या दिवशी शाळेत ध्वजवंदन होते, हे तिघांनीही पाहिलेले असते. धाकट्याने घरातील वडीलधाऱ्यांस ‘या दिवशी झेंडा का लावतात?’ असे विचारून ऐकलेली गोष्ट सांगावी. मधल्याने चार तारखा एका रेघेवर मांडाव्या : 15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, 13 सप्टेंबर 1948 रोजी पोलीस कारवाई सुरू झाली, 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती पत्करली. पहिल्या व शेवटच्या तारखेत तेरा महिने दोन दिवसांचे अंतर आहे, हे त्याचे त्यानेच मोजून काढावे. थोरलीने ‘हे तेरा महिने का लागले?’ या प्रश्नाचे उत्तर पाच-सहा ओळींत लिहावे. हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण व स्वामी रामानंद तीर्थ यांचे कार्य तिने शाळेत अभ्यासलेले असते. घरी ऐकलेली हकीकत त्याच्याशी ताडून पाहावी. त्या वर्षी दहा वर्षांचे असलेले माणूस आज ऐंशी ओलांडलेले असेल. गावात असे कोणी असल्यास त्यांची आठवण लिहून ठेवण्याचे काम लवकर व्हावयास हवे.

हंगामाच्या सहा महिन्यांत असे चार विषय पुरेत. तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथे जुने नाणे वा मडके वस्तुसंग्रहालयात पाहता येते. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी अडविलेले दिसते. परांड्याचा किल्ला पश्चिमेकडील गावांस जवळचा आहे. लोहारा व उमरगा तालुक्यांत 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची आठवण घरोघर सापडते. गावास जे जवळ असेल ते घ्यावे; उरलेले सोडून देण्यास शिक्षकाने कचरू नये.

तपासणीही तशीच हलकी असावी. धाकट्याची वही पाहूच नये. त्यास वर्गात उभे करून गोष्ट सांगण्यास लावावे. मधल्याची एक रेघ व थोरलीच्या सहा ओळी पाहण्यास फार वेळ लागत नाही. ज्या घरी आईबाप हंगामास गेले असतील, त्या घरच्या थोरल्या मुलाची वा मुलीची वही शिक्षकाने सर्वांआधी उघडावी. त्या वहीत सहा ओळी तिच्या स्वतःच्या अक्षरात असल्या, तर माप बरोबर बसले असे समजावे. ती कोरी असल्यास मुलीस दोष न देता पुढील आठवड्याचे काम कमी करावे.