ठिपकेदार कोंबड्यांची पैदास

परसातील कोंबड्या रंगीत व थोराड व्हाव्यात म्हणून ठिपकेदार कोंबडा आणावा, पिले मात्र एकरंगी निघावीत आणि शेतकऱ्याने निराश होऊन तलंगा विकून टाकाव्यात, येथेच सारे काम फुकट जाते. पिसाच्या टोकाशी पांढरा ठिपका देणारा गुण सुप्त असतो. इंग्लंडमधील ठिपकेदार ससेक्स जातीत तोच आहे. आई व बाप या दोघांकडून आल्यावाचून तो नीट प्रकट होत नाही. पण विकलेल्या त्या प्रत्येक तलंगेत तो असतोच. तिला नात्याबाहेरचा ठिपकेदार कोंबडा मिळाल्यास सुमारे निम्मी पिले ठिपकेदार निघतात. ठिपके पिसझडीगणिक वाढतात. निवडीची घाई नको. पांढऱ्याशुभ्र कोंबड्या मात्र घेऊ नयेत. त्यांवर ठिपका दिसणार कसा? शिवाय घारीला त्या चटकन दिसतात.

आकार एका पिढीत साधत नाही. फुललेल्या पिसाऱ्याने नजर फसते, यास्तव सर्व पक्षी 20 आठवड्यांचे झाल्यावर तागडीने तोलून ठिपकेदारांतील जड तेवढेच पैदाशीस ठेवावेत. बोजड कोंबडीखाली अंडी फुटतात. उबवणीस खुडूक गावठी कोंबडीच बरी.